जुनी फियाट आणि लोकांचा पैसा: इंदूरहून पहिल्यांदा चॅरिटी रॅलीला निघणाऱ्यांसाठी

रामबागेतल्या एका आजींनी माझ्या पहिल्या रॅलीसाठी ५१ रुपये दिले आणि हात पुढे करून म्हणाल्या, "पावती दे हो." माझ्याकडे पावतीपुस्तकच नव्हतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात गाडीचा फॅनबेल्ट तुटला. डिकीत नवाकोरा बेल्ट होता, पण तो पुलीवर चढेना. बोटभर आखूड होता. घेताना दुकानदारानं "फियाटचाच आहे" म्हटलं आणि मी पिशवीत टाकला, लावून बघितला नाही. मावसभाऊ एका ट्रकमध्ये बसून सेंधव्याला परत गेला आणि शेवटी शेतीच्या पंपांचं सामान विकणाऱ्या दुकानात त्याला मापाचा बेल्ट मिळाला. आमचे साडेतीन तास गेले.

या दोन्ही चुका एकाच जातीच्या. दुसऱ्याच्या शब्दावर सोडून दिलेली गोष्ट ऐन वेळी उघडी पडते. लोक मला गाडीबद्दल विचारतात आणि पैशांबद्दल विचारायला संकोचतात, म्हणून खाली दोन्ही सांगतो. बॉनेट आणि हिशेबाची वही, दोन्ही तुम्हाला चार माणसांसमोर कधीही उघडता आली पाहिजेत. पायऱ्या सणांच्या हिशेबानं मांडल्यात, कारण आपल्याकडे जुनी गाडी लांब न्यायचा खरा हंगाम संक्रांत ते महाशिवरात्र एवढाच, आणि तयारीला गणपतीपासूनचे दिवस लागतातच.

ही शर्यत नाही

चॅरिटी रॅली म्हणजे ठरलेल्या मार्गानं, ठरलेल्या दिवसांत, आपापल्या गाडीनं पोचायचं आणि त्या निमित्तानं एखाद्या कामासाठी देणग्या गोळा करायच्या. काही रॅलींत वेळ-वेग-अंतराचं गणित असतं. तिथे ठरल्या वेळेआधी पोचलात तरी गुण जातात. परदेशात २००४ साली सुरू झालेल्या मंगोल रॅलीनं या प्रकाराला नाव मिळवून दिलं: मुद्दाम छोट्या इंजिनाची गाडी घ्यायची, आणि वाटेत आयोजक मदतीला येणार नाहीत हे गृहीत धरायचं.

छोटी गाडी म्हणून कुणी नाक मुरडलं तर १९०७ ची पेकिंग ते पॅरिस मोहीम सांगा. पाच गाड्या निघाल्या होत्या. भल्यामोठ्या इंजिनाची इटाला पहिली आली, पण जेमतेम १० अश्वशक्तीच्या दोन दी दियों-बूतों गाड्याही पॅरिसला पोचल्या. जी पोचली नाही ती तीनचाकी काँताल. गोबीच्या वाळवंटात तिचं पेट्रोल संपलं आणि ती तिथेच सोडून द्यावी लागली.

गणपतीत: गाडी ठरवा

माझी पहिली पसंती फियाट ११०० किंवा तिचीच पुढची आवृत्ती प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरची दांडी, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात दशकानुदशकं बनत होती, त्यामुळे धुळे असो वा कोल्हापूर, साठीतला मिस्त्री तिचा आवाज ऐकूनच दुखणं सांगतो. स्टँडर्ड हेराल्डचं बॉनेट अख्खं पुढे उलटतं, त्यामुळे कामाला सोपी, पण स्पेअर शोधावे लागतात. डुक्कर फियाट किंवा बेबी हिंदुस्तान असेल तर भाग्यवान आहात, मात्र पहिल्या रॅलीला ती नेऊ नका. १९८३ नंतरची पहिली मारुती ८०० ही आता याच पंगतीत बसते, आणि नवख्या माणसाला तीच सगळ्यात कमी त्रास देईल.

विकत घेणार असाल तर रंगावर भाळू नका. गालिचा उचलून फ्लोअर बघा, जॅक लावायच्या जागी गंज आहे का ते स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला सांगाडा नाही.

पितृपंधरवड्यात: कागद

या पंधरवड्यात आपण नवं काही सुरू करत नाही, पण कागद तर जुनेच आहेत. तेव्हा आरसी काढा.

विंटेज शब्दावर अनेकांचा घोटाळा होतो. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा ३० वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी ऐतिहासिक मानते. आपल्या सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमात मात्र विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि फार बदल न केलेली गाडी. अशा नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. ती गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज कचेरीला नेता येत नाही. म्हणजे १९८४ ची पद्मिनी फिवाच्या लेखी ऐतिहासिक आणि आरटीओच्या लेखी साधी जुनी गाडी. तिला १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नेहमीचं नूतनीकरणच लागतं.

दुसरी अडचण जास्त छळते. जुन्या हातानं लिहिलेल्या आरसीची नोंद ऑनलाइन प्रणालीत नसेल, तर पीयूसी, विमा आणि फास्टॅग तिन्ही अडतात. आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्या. त्याला आठवडे लागतात, म्हणूनच हे काम इतक्या आधी सांगतोय. फास्टॅगशिवाय राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्यांवर जास्त पैसे मोजावे लागतात आणि मागची रांग हॉर्न वाजवते ते वेगळंच.

विम्याची प्रत पूर्ण वाचा. नेहमीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि 'रिलायबिलिटी ट्रायल' यांत वापर केल्यास संरक्षण नाही, असं कलम असतं. आयोजकांकडून रॅलीचं स्वरूप लेखी घ्या, ते विमा कंपनीला दाखवा आणि उत्तरही लेखी मागा. मार्ग दिल्ली-एनसीआरमधून जात असेल तर १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचे तिथले त्या वेळचे निर्बंध आधी तपासा. पहिल्या खेपेला मी दक्षिणेकडेच जायला सांगेन.

दसऱ्याला: गाडी खोला

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीकडे न्या आणि तिथेच स्टूल टाकून बसा. आमच्या उस्तादांकडे मी आठ रविवार बसलो, आणि रस्त्यावर जे निस्तरलं ते त्या आठ रविवारांच्या जोरावर.

सुरुवात ब्रेकपासून. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक व्हील सिलिंडर गळला की चारही ब्रेक जातात. चारही ड्रम उघडा, रबर किट नवीन घाला, नळ्या बदला, जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढा. ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात तापलं की पेडल मऊ पडतं.

मग पाणी. रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्या, सगळे होज बदला, वॉटर पंपाला हात लावून डुलतो का बघा. बेल्ट चढवून बघा, त्यावर छापलेला नंबर वहीत लिहा, आणि दुसराही एकदा चढवून, उतरवून मगच डिकीत टाका.

पेट्रोलची लाइन जुन्या गाडीवाल्यांनी जास्त मनावर घ्यावी. या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर वाढल्या. ते देशभरात २००० साली बंद झालं, त्यामुळे इंजिन उघडलंच तर व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या बसवून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं ई२० मिळतं, आणि जुनं रबर त्यात फुगतं, भेगाळतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक पाइप, एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा, कार्बोरेटरचं किट, सगळं इथेनॉल चालणारं घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

आता डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप हे काम स्वतःच्या हातानं शिकाच. कॅप काढा, इंजिन हळूच फिरवून पॉइंट पूर्ण उघडेल तिथे थांबवा, फीलर गेजची पाती आत सरकवा. पाती अडकता कामा नये आणि सैलही जाता कामा नये, शाईच्या पेनाला टोपण बसावं तशी ती सरकली पाहिजे. उस्तादांनी माझ्याकडून हे इतक्या वेळा करून घेतलं की पुढे मालेगावच्या बाहेर टॉर्चच्या उजेडात मी ते दहा मिनिटांत केलं.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३५२२ म्हणजे २०२२ च्या ३५ व्या आठवड्यातला. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. पुढे सीट बेल्ट नसतील तर बसवा.

दिवाळीनंतर: पैसा

आधी काम निवडा, मग संस्था. आम्ही मार्गावरच्याच एका गावातली कर्णबधिर मुलांची निवासी शाळा निवडली, कारण जिथे देणगी जाणार ती जागा गाडी थांबवून डोळ्यांनी बघता येणार होती. संस्थेची नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि देणगीवर करसवलत देणारी नोंदणी, जिला सगळे ८०जी म्हणूनच ओळखतात, ती मुदतीत आहे का ते बघा. पहिल्या वर्षी मी एका संस्थेचं नुसतं माहितीपत्रक बघून पैसे दिले आणि देणगीदारांच्या पावत्या चार महिने आल्या नाहीत. रोज कुणाला तरी तोंड द्यावं लागलं.

देणगी शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, तुमच्या नाही. संस्थेचा क्यूआर कोड छापून न्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही, तेही सांगा, नंतर वाईटपणा येत नाही. परदेशात असलेल्या भाच्या-पुतण्यांच्या बाबतीत जपून. परदेशी स्रोतातून आलेली देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते, ती नसेल तर प्रेमानं नाही म्हणा.

प्रवासाचा खर्च देणगीतून एक पैसाही घेऊ नका. गाडी आपली, हौस आपली, पेट्रोलही आपलं. इंदूर ते पणजी आणि परत असे २,२०० किलोमीटर धरले, लिटरला १२ किलोमीटर पडले, तर साधारण १८५ लिटर पेट्रोल लागतं. १०५ रुपये दरानं जवळपास साडेएकोणीस हजार. मुक्काम, जेवण, टोल आणि दसऱ्याचं काम धरून रक्कम बाजूला काढा. जमत नसेल तर यंदा गाडी तयार करा आणि पुढच्या वर्षी जा.

मागायला कुठे जायचं? गणेश मंडळ, सोसायटी, जुनी शाळा, भिशी. गाडी घेऊन जा. राजवाड्यापाशी रविवारी सकाळी पद्मिनी उभी केली की कुणीतरी येऊन दारावर हात फिरवतं आणि म्हणतं, "आमच्या बाबांकडे होती." तिथून बोलणं आपोआप सुरू होतं. आणि पावतीपुस्तक सोबत ठेवा, ५१ रुपयांसाठीही.

मार्गशीर्षात: तालीम

पहिली फेरी उज्जैनची, सपाट रस्ता, ५५ किलोमीटर. दुसरी ओंकारेश्वरची, सिमरोलपुढच्या भेरूघाटातून. तिसरी महेश्वरची, आणि हीच खरी परीक्षा. इंदूर माळव्याच्या पठारावर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, महेश्वर नर्मदेकाठी दीडशेच्या आसपास. म्हणजे घरी परतताना चारशे मीटर चढायचेच. दोन माणसं, पूर्ण सामान, आणि मुद्दाम दुपारी दोन वाजता परत निघा.

याच चढावर माझी गाडी पहिल्यांदा बसली. आचके देत वेग उतरला, मग इंजिन बंद. तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीची नेहमीची कारणं दोन, आणि ती ओळखायची रीत सोपी आहे. प्लगची वायर काढून, इन्सुलेशनच्या पक्कडीत धरून इंजिनच्या लोखंडाजवळ न्या आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल कुठे सांडलेलं नाही हे आधी बघा. ठिणगी पिवळी, अशक्त असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. कंडेन्सर बदला, बहुतेक वेळा तोच असतो. ठिणगी निळी, कडकडीत असेल तर पेट्रोल वर येत नाहीये: पाइपात उकळून त्याची वाफ झाली आहे आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. ओलं फडकं एसी पंपावर आणि पाइपावर गुंडाळा, बॉनेट उघडं ठेवा, वीस मिनिटं सावलीत बसा. फडक्यातून आधी चर्र आवाज येतो, मग तो थांबतो. तो थांबल्यावर सेल्फ मारा.

त्या वीस मिनिटांत रेडिएटरचं झाकण उघडू नका. उस्तादांचं वाक्य मी डॅशबोर्डवर चिकटवलंय: "भिया, पहले उसको साँस लेने दो." गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं.

तालमीनंतर शंभर किलोमीटरला तेल किती घटलं, पाणी किती घटलं ते वहीत लिहा. तीन फेऱ्यांचे आकडे सारखे आले की गाडी तयार. नाहीतर उस्तादांकडे परत.

डिकीत काय? वर जे जे बदललंत त्यातलं एकेक, तेही लावून बघितलेलं: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, बेल्ट, वरचा-खालचा होज, एसी पंपाचं किट, अॅक्सिलरेटर आणि क्लचची केबल, व्हील सिलिंडरची रबरं. दहा लिटर पाणी, दोन लिटर तेल, बांधायची तार, दोर, चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे, अग्निशामक. ठोकळे विसरू नका, घाटात हँडब्रेकवर भिस्त ठेवता येत नाही.

संक्रांतीनंतर: रस्ता

दिवसाला २०० ते २५० किलोमीटर, ताशी ५५ ते ६५, आणि सूर्य मावळायच्या आत मुक्काम. डायनॅमोवाल्या गाड्यांचे दिवे कमी आरपीएमला पिवळे पडतात. रात्री एबी रोडवर (आग्रा-मुंबई महामार्गावर) ट्रकांच्या मधे ती गाडी दिसतच नाही. पहाटे पोहे खाऊन निघा, अकरापर्यंत निम्मं अंतर उरका, ऊन तापलं की विसावा. आमचे मुक्काम धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर असे होते, शेवटच्या दिवशी आंबोली उतरून गोवा.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. गणेश घाट असो वा बिजासन, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापतात, जळका वास येतो आणि पेडल खाली जातं. वास आला की लगेच बाजूला घ्या. पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या. मागे ट्रकांची रांग लागली तर जागा मिळताच थांबून त्यांना जाऊ द्या. पद्मिनीच्या टाकीत ३८ लिटर मावतं, तरी काटा निम्म्यावर आला की भरा. त्या काट्यांवर कुणी विश्वास ठेवू नये.

शाळेत थांबलो तेव्हा एक गोष्ट घडली. मुलांना गाडीचा आवाज ऐकू येणार नव्हता, म्हणून शिक्षिकेनं त्यांना इंजिन चालू असताना बॉनेटवर तळवे टेकवायला सांगितले. आठ-दहा तळवे, सगळे हसताहेत. एका मुलानं मात्र कपाळाला आठी घातली, माझा हात ओढून बॉनेटवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं हवेत ठेका धरला: तीन ठोके, एक जागा रिकामी, तीन ठोके, एक जागा रिकामी. बॉनेट उघडलं तर चौथ्या प्लगची वायर सैल होती. आम्ही दोघं सकाळपासून बोलत होतो की गाडी आज ओढत नाहीये. तुमच्याही मार्गात संस्थेचा मुक्काम ठेवा, नुसता चेक देण्याचा फोटो काढून पुढे जाऊ नका. अर्धा दिवस द्या.

परतल्यावर

रंगपंचमीच्या गेरीआधी (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीआधी) घरी पोचा, नंतर राजवाड्याच्या बाजूला गाडी फिरकू शकत नाही आणि ऊनही चढू लागतं. पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल बदला, ग्रीसिंग करा, ड्रम उघडून झटका, टाकी रिकामी करा. दुसऱ्या आठवड्यात हिशेब: कुणाकडून किती, संस्थेला किती, कोणत्या तारखेला. दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत, कारण मधे खर्च नाहीच. एका पानावर छापून प्रत्येक देणगीदाराला द्या, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी जाऊन द्या. रामबागेतल्या आजींना मी त्यांची पावती अकरा महिन्यांनी नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, रक्कम वाचली, आणि देवघरातल्या डब्यातून पुढच्या खेपेचे ५१ रुपये काढले. या वेळी पुस्तक खिशात होतं.